शुक्रवारी अकराचा भूकंप

आमच्या बिल्डिंगमध्ये लागोपाठ तीन शुक्रवारी जे भूकंप झाले, ते मी केले होते.

हे मी आजवर लेखी कबूल केलेलं नाही. मुळात मी कमी बोलणारा माणूस. (सोसायटीचा सेक्रेटरी झालो तोही याच गुणामुळे. सभेत सगळे "मला जमणार नाही" म्हणाले. मी काहीच म्हणालो नाही.) पण नुसतं गप्प राहून माणूस केवढं पाप करू शकतो, ते पन्नाशी उलटल्यावर तरी सांगून टाकावं म्हणतो.

बोईसरला कंपन्यांची सुट्टी शुक्रवारी. आणि सुट्टीच्या दिवशी घरातलं काहीतरी दुरुस्त करायची मला खोड. त्या आठवड्यात आमच्या घरघंटीचं मागचं चाक तुटलं. आमच्याकडे रोज तांदळाची भाकरी, आठवड्याचं दळण शुक्रवारी, त्यामुळे घंटी बंद म्हणजे घर बंद.

"मेकॅनिकला बोलवा," सुनंदा, म्हणजे आमची ही, म्हणाली.

"एका चाकासाठी मेकॅनिक? अगं, पंचवीस वर्षं मी कंपनीत मेन्टेनन्सला आहे!"

"म्हणूनच म्हणतेय."

मी चाकाच्या जागी लाकडाचा ठोकळा सरकवला. तो अर्धा इंच कमी पडला, म्हणून घंटी जरा कलती करून भिंतीला टेकवली. अकरा वाजता तांदूळ ओतले, बटण दाबलं. घंटी थरथरत होती, पण फिरत होती. मी विजयी मुद्रेने सुनंदाकडे पाहिलं. तेवढ्यात खालून किंकाळी आली.

"धरनी हालली रे! भायेर पडा!"

आवाज जानकीमावशींचा. त्या आमच्या बरोबर खाली, पहिल्या मजल्यावर राहतात. माहेर-सासर दोन्ही दांडी गावचं, सगळा जन्म समुद्राकाठी गेला. नवरा वारल्यावर मुलाने, प्रकाशने, त्यांना इथे फ्लॅट घेऊन दिला आणि तो नोकरीसाठी पुण्याला राहिला. मावशींच्या स्वयंपाकघरात भिंतीवर स्टीलची मांडणी आहे, वरपासून खालपर्यंत भांड्यांनी भरलेली. ती भिंत आणि माझी घंटी टेकलेली भिंत एकच, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

डहाणू-तलासरीकडे अधूनमधून जमीन हलते, हे आख्ख्या जिल्ह्याला माहीत. त्यामुळे मी आधी घंटी बंद केली (भूकंपात यंत्र चालू ठेवू नये, एवढं मेन्टेनन्सवाल्याला कळतं) आणि सुनंदाला घेऊन खाली धावलो.

"थांबला!" तळमजल्यावरचे पाटीलसर म्हणाले. सर निवृत्त भूगोल शिक्षक. पृथ्वीच्या पोटात जे काही घडतं त्यावर शेवटचा शब्द त्यांचा.

"मेरा तो पंखा हिल रहा था!" समोरचे गुप्ताजी म्हणाले.

"चालू होता का?"

"हां, चालू था."

"मग हलणारच की!"

पण एकदा भूकंप म्हटल्यावर तो कुणाला जाणवला नाही? कुणाची खाट सरकली, कुणाचा चहा हिंदकळला. मलासुद्धा पायाखाली काहीतरी वाटलंच होतं, असं मी चक्क सांगितलं!

पुढच्या शुक्रवारी पुन्हा अकरा वाजता. पुन्हा मावशींची हाक, पुन्हा सगळे खाली. आता प्रश्न पडला, शुक्रवारीच का?

"सोपं आहे," पाटीलसर म्हणाले. "सहा दिवस एवढ्या कंपन्यांची यंत्रं जमिनीला दाबून धरतात. शुक्रवारी सगळी बंद. दाब गेला की जमीन वर येते."

कुणी हसलं नाही. उलट दोघांनी मान डोलावली आणि मी सेक्रेटरी या नात्याने तहसील कार्यालयाला अर्ज लिहिला: 'आमचे येथे दर शुक्रवारी अकराचे सुमारास भूकंप होतो, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी.' सही माझी, शिक्का सोसायटीचा.

तिसऱ्या शुक्रवारी हाक आली, सगळे उतरले, मी मात्र दळण पुरं करूनच उतरायचं ठरवलं. तांदूळ निम्मे दळून झाले आणि वीज गेली. (शुक्रवारी आमच्याकडे वीजही सुट्टी घेते.) घंटी बंद पडली. त्याच क्षणी खालून पाटीलसर ओरडले, "थांबला!"

वीज आली. घंटी आपोआप सुरू झाली.

"परत आला!"

मी घंटीकडे पाहिलं. बटण बंद केलं.

"थांबला!"

चालू केलं.

"आला, आला!"

आता खरं ते सगळं सांगायचंच ठरवलंय, म्हणून सांगतो. मी ते आणखी एकदा करून पाहिलं. पृथ्वी आपल्या बोटावर हलते आहे, असा अनुभव मेन्टेनन्समधल्या माणसाला परत कधी येणार?

मग गॅलरीतून खाली डोकावलो. जानकीमावशी, दुखरे गुडघे धरून, आवारात उन्हात बसल्या होत्या. मला बघून ओरडल्या, "अरे विलास, वर काय करतंस? मरशील रं बाला, खाली ये!"

तेव्हाच खाली जाऊन सांगायला हवं होतं. पण तहसीलला अर्ज गेलेला! सुनंदा दारात उभी राहून माझ्याकडे नुसती बघत होती. तिने 'मेकॅनिक' हा शब्द उच्चारला नाही, हे तिचे उपकार. मी स्कूटरची जुनी ट्यूब कापून, घडी घालून ठोकळ्याखाली सरकवली आणि घंटी भिंतीपासून हातभर लांब घेतली. थरथर गेली. आता भूकंप होणार नाही, लोक विसरतील, कशाला बोला?

दोन शुक्रवार शांततेत गेले. लोक आणखी घाबरले!

"दोन आठवडे काहीच नाही," पाटीलसर हळू आवाजात म्हणाले. "जमीन ताकद साठवतेय."

हे कुणीतरी फोनवर प्रकाशला कळवलं. पुढच्या शुक्रवारी सकाळी तो टेम्पो घेऊन दारात. आई आता कायमची पुण्याला! मांडणी टेम्पोत चढली, कपाट चढलं. मावशी जिन्याच्या पायरीवर मांडीवर विळी घेऊन बसल्या होत्या. ती काही केल्या टेम्पोत ठेवू देईनात.

"माझी भैन दर बुधवारी दांडीवरना ताजा म्हावरा घेऊन येते," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "तिथं कोन येनार? परकाशकडं गेलेली तर बोंबील काचेत ठेवलेला. हात लावला तर दुकानवाला असा बोट उगारतो! कोनाशी बोलू मी तिथं? आमी असं नाय जगलो रं. पन धरनीच नको म्हनते, तर काय करू?"

धरणी काहीही म्हणत नव्हती. म्हणत होतो मी, किंवा म्हणत नव्हतो.

"मावशी," मी म्हणालो, "भूकंप माझ्या घरात आहे."

सगळे थांबले. मी सगळं सांगितलं. चाक, ठोकळा, भिंत, भिंतीवर वाजणारी मावशींची मांडणी, बटण, तिसऱ्यांदा दाबलेलं बटणसुद्धा. इतकं सलग मी लग्नाच्या बोलणीतही बोललो नव्हतो. आणि कुणाचाही विश्वास बसला नाही!

"काका, तुम्ही सेक्रेटरी," प्रकाश म्हणाला. "बिल्डिंगचं नाव खराब होऊ नये म्हणून बोलताय."

"भाईसाब इमोशनल हो गये हैं," गुप्ताजी म्हणाले.

"घरघंटीने इमारत हलत नाही," पाटीलसरांनी निकाल दिला. "विज्ञानात बसत नाही."

"मांडणी वर न्या!" मी ओरडलो. माझा आवाज ऐकून मीच दचकलो. टेम्पोवाल्याने कपाळाला हात लावला, पण मांडणी परत वर गेली, भिंतीवर बसली, भांडी लागली. मी माझ्या घरात जाऊन ट्यूब काढली, घंटी भिंतीला टेकवली, तांदूळ ओतले आणि बटण दाबलं.

खाली ताटं, वाट्या, पातेली, झारे एकदम वाजायला लागले. गुप्ताजी, सगळं माहीत असून, पळाले. त्यांच्यामागे टेम्पोवाला. पाटीलसर दाराच्या चौकटीखाली उभे राहिले, विज्ञानासाठी.

मी बटण बंद करून खाली आलो. मावशी मांडणीकडे बघत होत्या. मग माझ्याकडे वळल्या.

"मेल्या! तीनदा माझं गुडघं जिन्यावरना उतरवलंस! आनि मी तुलाच खाली बोलवत होतं, मरशील म्हनून!"

"चुकलं, मावशी."

"चुकलं म्हनतो! आता माझं तांदूल पन तूच दलायचं." आणि मुलाला म्हणाल्या, "परकाश, कपाट वर आन."

मी अर्ज मागे घेतला, मेकॅनिक बोलावला. कपाट वर चढवताना एक टोक माझ्या हातात होतं, हे वेगळं सांगायला नको.

इथे संपायला हवं होतं. पण महिन्याभराने एका सकाळी मी आंघोळीला बसलो होतो आणि बादलीतलं पाणी आपोआप डुचमळलं. बाथरूमची कडी खडखडली. मी टॉवेल गुंडाळून सरळ आवारात! वर पाहिलं तर एकही माणूस उतरला नव्हता. उलट गॅलऱ्यांतून हाका येत होत्या.

"अहो सेक्रेटरी, बंद करा ते दळण!"

"भाईसाब, आज तो शुक्रवार भी नहीं है!"

"खरा आहे!" मी खालून ओरडत होतो. "या वेळी खरा आहे!"

पाटीलसर खिडकीतून हसले. मग पहिल्या मजल्यावर जानकीमावशी गॅलरीत आल्या. त्यांच्या शेजारी हातात कप घेतलेली सुनंदा. मावशींनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग खाली माझ्याकडे.

"अरे विलास, सुनंदा हिथं माझ्याकडं चाय पितेय. तू तिथं खाली. मंग वर दलतंय कोन?"

क्षणात सगळ्या गॅलऱ्या रिकाम्या झाल्या. आणि आख्खी सोसायटी एकदम जिन्यावरून खाली आली.

सगळे सुखरूप उतरले. मावशींना तर प्रकाशच्या वयाच्या दोघांनी खुर्चीसकट आणलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी खरं बोलायला वेळेवर पोचलो होतो. फक्त लेंगा घालायचा राहिला होता.