पहिली म्हणजे बायनाबाई

आमच्या नागठाणवाडीत पेपर ऐकायचा तर आश्रुबाच्या पिठाच्या गिरणीवर यावं लागायचं. पेपर बोरीच्या एसटीनं यायचा, तोही कालचा. आश्रुबाला पेपर घ्यायची हौस होती, वाचता येत नव्हतं. मला वाचता येत होतं, घ्यायची ऐपत नव्हती. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं सगळं मी पेपरवर, पत्रकांवर आणि नामांतराच्या सत्याग्रहात एकोणीस दिवस तुरुंगात बसले, तिथं शिकले. मी वाचायला लागले की गिरणीवरच्या बाया आपापले डबे पुढं सरकवायचं विसरायच्या. एरवी माझा डबा रांगेत कुठंही असला तरी त्याची पाळी शेवटीच यायची, हे आत्ताच सांगून ठेवते. वाचायला पहिली, दळायला शेवटची.

त्र्याण्णवचा जानेवारी संपत आला होता. पेपरात अमेरिकेची बातमी होती. तिथल्या नव्या अध्यक्षानं दवाखान्यांचा कारभार सुधारायची समिती नेमली आणि तिच्या प्रमुखपदी स्वतःच्या बायकोलाच बसवलं. पेपरवाल्यानं तिला 'प्रथम महिला' म्हटलं होतं. मला तिथं शहाणपणा सुचला. मी म्हणाले, "प्रथम महिला म्हणजे पहिली बाई. अध्यक्षाच्या बायकोला तिकडं पहिली म्हणत्यात."

"मंग दुसरी काय करायली?" मागून बायनाबाईनं विचारलं.

तिनं भोळेपणानं विचारलं होतं. पण बाया अशा हसल्या की आश्रुबानं पट्टा थांबवून पाहिलं. सुलाबाईनं वर मीठ चोळलं, "ते तुमालाच ठावं, बायनाबाई. दुसरी गावात, पहिली शेतात."

आमच्याकडं 'पहिली' या शब्दाला एकच अर्थ आहे. नवऱ्यानं दुसरी आणली म्हणजे आधीची ती पहिली. बायनाबाई ही दिनकररावाची पहिली. दिनकरराव पाटलाच्या घरचा, गावचा सरपंच. बायनाबाईला दोन लेकी झाल्या, लेक झाला नाही, म्हणून आठ वर्षांपूर्वी त्यानं कोकिळाला आणलं आणि बायनाबाईला शेतातल्या कोठ्यावर, गुरांच्या गोठ्याशेजारी राहायला धाडलं. पुढं कोकिळालाही दोन लेकीच झाल्या. त्यावर गावात कुणी हसलं नाही. सरपंचाला कोण हसणार?

बायनाबाईनं अर्धं दळलेलं पीठ उचललं आणि गेली. मला माझ्याच जिभेचा राग आला. तो मी सुलाबाईवर काढला आणि त्या दिवशी माझं दळण राहिलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायनाबाई आमच्या वस्तीत, माझ्या दारात. पाटलाच्या घरची बाई आमच्या उंबऱ्यात म्हणजे शेजारणींनी हातातली भांडी खाली ठेवली. मी म्हणाले, "कालचं मनात धरू नका."

"ते सोड, पंचफुले. ती अमेरिकावाली. तिला निवडून कुणी दिलं?"

"कुणीच न्हाई."

"मंग खुर्चीत कशी बसली?"

"नवऱ्यानं बसवली."

ती उंबऱ्यावर टेकली. "आणखी सांग. अशा बाया आणखी हायत का?"

माझ्याकडं कात्रणांची वही होती. मोठ्या घरच्या बाया काय करतात यावर मी नजर ठेवून असते. तीच काढून मी वाचत गेले. अमेरिकेच्याच एका अध्यक्षाचे पाय लुळे होते, तर त्याची बायको देशभर फिरायची, कोळशाच्या खाणीत उतरायची, येऊन त्याला सांगायची. नवरा गेल्यावर आपल्या देशातही येऊन गेली. बायनाबाई म्हणाली, "पाय त्याचे, चालली ही. बरं पुढं." एक अध्यक्ष लकव्यानं अंथरुणाला खिळला. तेव्हा कोणता कागद आत जायचा, कोणता नाही, हे त्याची बायको ठरवायची. "अन् सही?" सही त्याची. एकीनं तर आपल्याला दारूचं व्यसन लागलं होतं, हे जगाला सांगितलं. तिचं बघून बाकीच्या बाया बोलत्या झाल्या.

"तिला लाज न्हाई वाटली?"

"वाटली असन. तरी सांगितलं."

बायनाबाईनं माझ्या हातातली वही मिटली. मग तिनं जे सांगितलं ते ऐकून माझं डोकं फिरलं.

ग्रामपंचायतीत बायांची एक राखीव जागा रिकामी झाली होती. त्या जागेची पोटनिवडणूक लागली होती. बाईच्या जागेसाठी कशाला भांडायचं, असं गावातल्या पुरुषांनी मारुतीच्या पारावर ठरवून टाकलं आणि दिनकररावाच्या घरातली बाई बिनविरोध द्यायचं कबूल केलं. पण दिनकररावाची अडचण अशी की सरकारी कागदावर त्याला बायको एकच होती. दुसरं लग्न कायद्यात बसत नाही, म्हणून कोकिळाचं नाव ना रेशनकार्डावर, ना मतदार यादीत. आठ वर्षं ती बायनाबाईच्या नावानं मत टाकत होती.

"मी गेले की म्हणायचे, तुमचं मतदान झालं, जा घरी," बायनाबाई म्हणाली. "परवा मालक कोठ्यावर आले. म्हणले, शेवटच्या दिवशी अर्ज भरायचाय, त्याच्यावर तुझं नाव लागायलंय, रेशनकार्ड दे. म्हणलं, मी कधी येऊ? म्हणले, तुला यायचं काम न्हाई, कोकिळा सातवी शिकलीया, ती बसंल."

म्हणजे घर गेलं, नवरा गेला, आता नावही चाललं होतं. नाव म्हणजे काय असतं, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. विद्यापीठाला एक नाव द्या म्हणून आम्ही तेव्हा पंधरा वर्षं रस्त्यावर होतो. त्या नावापायी अठ्ठ्याहत्तरला आमच्या वस्तीतली कुडाची घरं जळाली. मी चपला घातल्या. "चला बोरीच्या चौकीत. दुसरं लग्न गुन्हा हाय. आत घालते त्याला."

"बस खाली," ती म्हणाली. "त्याला आत घालून मला काय भेटन? अन् ती पोरगी दोन लेकी घेऊन कुठं जाईन?"

"मंग दुसरा अर्ज भरू. तुमचा."

"सावध व्हईन तो. एक अर्ज हाय, त्याच्यावर नाव माझं हाय. मंग तो अर्ज माझाच झाला का न्हाई?"

मी चपला काढल्या. इतक्या वर्षांच्या मोर्च्यांत मला हे सुचलं नसतं. मी कागद फाडायला निघाले होते. ती तो घ्यायला निघाली होती.

"ती अमेरिकावाली नवऱ्यानं बसवलेली," बायनाबाई म्हणाली. "नवऱ्यानं बसवलेली नवरा उठवतो बी. मला त्यातलं लय कळतंय. मला माझ्या नावानं बसायचंय."

अडचण एकच होती. अर्ज दिनकरराव भरून नेणार होता, पण सही तहसीलात निवडणुकीच्या साहेबासमोर व्हायची होती आणि बायनाबाईला सही येत नव्हती. अंगठा चालला असता, पण दिनकरराव अर्जात उमेदवार सातवी पास लिहिणार, हे उघड होतं. अंगठा दिला असता तर त्याला तोंड उघडायला जागा मिळाली असती. मी पाटी शोधायला लागले, तेव्हा तिनं डावा हात पुढं केला. मनगटाच्या वर हिरवं गोंदण होतं: बायना. लहानपणी जत्रेत गोंदवलेलं. काय लिहिलंय हे तिला ऐकून ठाऊक होतं, त्यातलं अक्षर ओळखता येत नव्हतं. चाळीस वर्षं बाईच्या हातावर तिची सही तयार होती.

चार दिवस ती कोठ्यावरून यायची. चुलीपुढच्या राखेत काडीनं गिरवायची, एक डोळा हातावर, एक राखेवर. 'बायना' जमलं. 'बाई'तला 'बा' हातावर होताच. 'ई' तेवढी नवी शिकावी लागली. ती तिला फार छळायची. ती म्हणायची, "ही ईच मला नडायली, बाईपणासारखी." पाचव्या दिवशी ई उभी राहिली. मग तिनं मला शपथ घातली, "तहसीलात तू बोलायचं न्हाई. तू बोललीस की भांडण, भांडण झालं की तारीख. तोंडात मिसरी धर अन् थुंकू नको."

अर्जाचा शेवटचा दिवस. तीन वाजेपर्यंत वेळ. आम्ही पहिल्या एसटीनं तालुक्याला, जिंतूरला पोचलो आणि तहसीलच्या व्हरांड्यात दुपारपर्यंत बसलो. दिनकरराव अडीचला आला, धुतलेल्या धोतरात. मागं कोकिळा, डोक्यावर पदर, नवं लुगडं. आम्हाला त्यानं पाहिलं नाही. आमच्यासारख्यांना पाहायची त्याला सवय नव्हती.

साहेबानं अर्ज घेतला, यादी उघडली, बोट ठेवलं. "बायनाबाई दिनकरराव. कोण आहे?"

कोकिळाला कोपर बसलं, ती पुढं झाली. आणि दारातून आवाज आला, "मी हाय."

साहेबानं चष्मा वर केला. "दोघी?"

"ती गावातली येडी हाय, साहेब," दिनकरराव म्हणाला. "कुठंबी येऊन बसती."

माझ्या तोंडात मिसरी होती. माझ्या गालांचं काय झालं असेल ते मलाच माहीत.

"येडी असन," बायनाबाई शांतपणे म्हणाली, "पण बायना मीच." तिनं बांगड्या वर सारल्या आणि हात टेबलावर ठेवला, थेट यादीच्या शेजारी. साहेबानं यादीतलं नाव वाचलं, हातावरचं वाचलं. मग कोकिळाकडं बोट करून दिनकररावाला विचारलं, "मग ह्या तुमच्या कोण?"

बायको म्हणावं तर गुन्हा. तो खाकरला आणि म्हणाला, "पाव्हण्यातली हाय. संगं आली."

आठ वर्षं, दोन लेकी, आणि पाव्हण्यातली. कोकिळानं त्याच्याकडं मान वळवून पाहिलं. साहेबानं तिला विचारलं, "बाई, तुमचं नाव काय?"

"सांग की," दिनकरराव दातांतून म्हणाला.

"कोकिळा," ती म्हणाली. "अर्जावरचं नाव माझं न्हाई, साहेब. ह्या मोठ्या बाईंचं हाय."

साहेबानं अर्ज बायनाबाईपुढं सरकवला. तिनं पेन काडीसारखा धरला, डावा हात कागदाजवळ टेकवला आणि गोंदणाकडं बघत एकेक अक्षर उतरवलं. ईला वेळ लागला. भिंतीवरचं घड्याळ तीनला दहा कमी दाखवत होतं.

"हा अर्ज मागं घ्यायचाय," दिनकरराव म्हणाला.

"घ्यायचा तर उमेदवार घेतील. तुम्ही कोण?"

"मी हिचा नवरा."

"मग बाहेर थांबा," साहेब म्हणाला आणि शिक्का मारला.

बाहेर कडुनिंबाखाली मी मिसरी थुंकली आणि तिच्यासंगं साठलेल्या सगळ्या शिव्या सोडल्या. बायनाबाई म्हणाली, "आता कामून? काम झालं की." कोकिळा जरा लांब उभी होती, जायचं कुठं हे न कळून. दिनकरराव जीपमधून निघून गेला होता. बायनाबाईनं तिला हाक मारली, "ये गं. एसटीला अजून अर्धा तास हाय." परतीच्या गाडीत दोघी एका बाकड्यावर बसल्या. काय बोलल्या, मला ऐकू आलं नाही. बोरी यायच्या आत कोकिळा तिच्या खांद्यावर झोपली होती, एवढं पाहिलं.

दुसरा अर्ज नव्हताच. बायनाबाई बिनविरोध आली, ती दिनकररावानंच पारावर जमवलेल्या गावकीच्या जोरावर. पहिल्या बैठकीला त्यानं निरोप पाठवला की बाईंनी यायची तसदी घेऊ नये, सह्यांचे कागद घरी पाठवू. ती अर्धा तास आधी जाऊन बसली. कुणी ठरावाचा कागद पुढं केला की म्हणायची, "वाचा. मला ऐकू येतंय." तोवर सही नाही. तिला वाचता येत नाही म्हणून सगळ्या गावाला ठराव मोठ्यानं वाचलेले ऐकायला मिळायला लागले. आधी कुणी ऐकले होते?

सदस्य म्हणून तिनं पहिला अर्ज केला तो कोकिळाचं नाव मतदार यादीत घालायचा. दिनकरराव तिला म्हणाला, "मला जेलात घालायलीस का?" ती म्हणाली, "बापाच्या नावानं घातलंय. तुमचं नाव तुमच्याजवळच राहू द्या." कोकिळा पुढं लेकींना घेऊन कोठ्यावर राहायला गेली. शेत कसायला चार हात झाले.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला विद्यापीठाचं नाव झालं. आमच्या वस्तीत पेढे वाटले. बायनाबाई आली, पेढा घेतला आणि म्हणाली, "तुमचं सोळा वर्षांनी झालं. माझं वीस मिनिटांत झालं. पण गोंदण आधीच व्हतं ना."

त्याच साली पावसाळा सरताना गिरणीवर मी वाचत होते. अमेरिकेतली ती दवाखान्याची योजना बारगळली होती. बायकोला कुणी अधिकार दिला, असं तिकडचे लोक विचारत होते. सुलाबाई म्हणाली, "बघा, पहिली बसली खाली."

बायनाबाई आता बाकड्यावर बसायची. सरपंचाच्या पहिलीसाठी म्हणून ती जागा कुणी सोडली नव्हती, ती सदस्य म्हणून बसायची. तिचा डबा पुढं सरकवायला आश्रुबानं हात घातला, तर तिनं थांबवलं आणि माझा डबा उचलून पट्ट्याजवळ ठेवला. "हिची पाळी हाय. मघापासून बघायले मी." मग पेपराकडं वळून म्हणाली, "तिच्यात दम दिसायलाय, पंचफुले. तिला कुणीतरी कळवा म्हणावं. नवऱ्याच्या नावावर काय बसतीस, बाई? स्वतःचा अर्ज भर."