तिसऱ्या पोराची सुई

माझा मामा सोफे दुरुस्त करतो. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं दुकान. वीतभर वाकड्या सुया दिवसभर गाद्यांत खुपसणारा हा माणूस, आणि गल्लीत त्याची ख्याती काय, तर म्हणे सुईच्या विरोधातला!

खरं तर त्याच्याइतका लशीचा भक्त आमच्या घराण्यात दुसरा झाला नाही. दोन्ही मुलींच्या वेळी तो दुकानाला कुलूप लावून दवाखान्यात जायचा. शेजारच्या बायकांनाही पोरांसकट टेम्पोत बसवून न्यायचा. पोरं गळा काढायची आणि हा मागे वळून म्हणायचा, "रडा, रडा. गोवर झाला की याहून मोठ्यानं रडाल." तेव्हा टोचून घेतल्याचे पैसे कोणी देत नव्हतं आणि पुरावा कोणी मागत नव्हतं.

मग नियम आला. सगळ्या लशी दिल्याचं दाखवा, तरच मुलांचा सरकारी भत्ता. मामा म्हणाला, "कर नाही त्याला डर कशाला," आणि मुलींची कार्डं शोधायला लागला. शोधता शोधता त्याचा चेहरा उतरला. दुरुस्तीला आलेल्या एका सोफ्याच्या बैठकीवर कार्डं ठेवल्याचं त्याला आठवत होतं, उचलल्याचं आठवत नव्हतं. वरून फोम टाकून, कापड शिवून तो सोफा कधीच रवाना झाला होता. कुणाकडे, ते देव जाणे.

"तुमच्या बापपणाचा पुरावा आता कुणाच्या तरी बुडाखाली आहे," मामी म्हणाली. तेव्हा ती अजून हसत होती.

मामा गिऱ्हाइकांच्या दारात गेलाही. एका बाईनं "चांगला शिवलेला सोफा फाडायला आलात? वर पुन्हा शिवायची मजुरी मागाल!" म्हणून हाकलला. दवाखाना नव्या इमारतीत गेला होता. जुन्या नोंदी कुठे गेल्या, ते तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं.

भत्त्याच्या ऑफिसात मी त्याच्याबरोबर होतो. खिडकीमागच्या बाई स्वभावानं वाईट नव्हत्या, हेच जास्त वाईट झालं. नाहीतर मामानं तिथल्या तिथे भांडून मन मोकळं केलं असतं.

"कार्ड हरवलं असं सगळेच म्हणतात, काका."

"मी स्वतः नेलंय पोरींना. त्यांचे दंड दाखवू?"

"दंडावर तारीख लिहिलेली असते का? त्यापेक्षा पुन्हा टोचून घ्या. डॉक्टर म्हणतात, काही अपाय नाही. नोंद होईल, भत्ता सुरू होईल."

सोपं होतं. मी असतो तर पोरींना तिथूनच नेलं असतं. पण मामाच्या डोक्यात तिडीक गेली होती. "पुन्हा टोचायचं म्हणजे आधी टोचलंच नव्हतं, असं कबूल करायचं. मी काय पैशासाठी पोरींना टोचणारा बाप आहे?"

बाईंनी सुस्कारा टाकला आणि त्याच्या नावापुढे 'लस नाकारली' असं लिहिलं. त्यांच्याकडे दुसरा रकानाच नव्हता.

भत्ता बंद झाला. मामीनं एका हॉटेलात चादरी धुवायची संध्याकाळची पाळी धरली.

बातमी पसरली तसे खरे सुईविरोधक दुकानात येऊन बसू लागले. त्यांचा म्होरक्या एक ड्रायव्हर. त्यानं स्वतः कुठूनसे खोटे शिक्के मिळवले होते, त्यामुळे त्याचा भत्ता बिनबोभाट चालू. "सरकारला नडलास, वाघ आहेस," असं म्हणत तो मामाचाच चहा प्यायचा. सुरुवातीला मामा त्यांना हुसकावून लावायचा. पण ज्या बायकांना त्यानं टेम्पोतून नेलं होतं, त्याच आता दुकानावरून जाताना पोरांना जवळ ओढायच्या. त्याची विचारपूस करणारं दुसरं कोणी उरलंच नाही. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. हळूहळू मामाच म्हणू लागला, "सुईत काय घालतात, ते आपल्याला कोण सांगतं?"

अशात तिसरं पोर झालं. मुलगा. मामानं जाहीर केलं, याला सुई नाही.

मी म्हणालो, "मामा, ऑफिसानं तुझा अपमान केला, ते गोवराला कसं कळणार?"

"चार बुकं शिकलास म्हणून मला शिकवू नकोस."

"बुकात नव्हतं ते. तुझ्याकडूनच शिकलो."

त्यानं फोम कापायची सुरी आपटली आणि पाठ फिरवली.

पोर रांगायला लागलं आणि मागच्या गल्लीत गोवर आला. एक मुलगी जगली, पण तिचं ऐकू येणं गेलं. दुसऱ्याच सकाळी मामी पोराला काखोटीला मारून कुणाला न सांगता बाहेर पडली. परतली तेव्हा पोर हुंदके देत होतं आणि दंडावर कापूस चिकटलेला होता.

"नेलंस?" मामानं विचारलं.

"नेलं."

"माझं नाक कापून भत्ता आणलास तर."

"भत्त्याचा अर्ज केलेला नाही. करणारही नाही. तुमचं नाक आहे तिथेच आहे, चाचपून बघा."

भांडायला उभ्या राहिलेल्या माणसाच्या हातातून तिनं भांडणच काढून घेतलं होतं. मला वाटलं, आता तो पोराला उचलून घेईल. त्यानं आधी दुकानाचं दार लोटलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "कुणी पाहिलं का?"

मामीनं पोराला पूर्ण बाह्यांचा सदरा घातला.

दुसऱ्या दिवशी दुकानात सुईविरोधकांची बैठक पुन्हा भरली. "आमच्या पोराला सुई नाही म्हणजे नाही," मामा सांगत होता. ऑफिसात खरं बोलला तेव्हा त्याच्याकडे पुरावा मागितला होता. इथे कुणीही म्हटलं नाही, दंड बघू. ड्रायव्हरनं त्याच्या पाठीवर थाप मारली.

हॉटेलातल्या पाळीची वेळ झाली तशी मामी आतून आली आणि तिनं पोर माझ्या मांडीवर ठेवलं.

"जरा तापलंय," ती मामाकडे बघत, हळू आवाजात मला म्हणाली. "नर्सनं दिलेलं औषध ओट्यावर आहे, तूच दे. यांना सांगू नकोस. पोर कशानं तापलं, हे यांना माहीत नाही ना!"

मामानं ऐकलं. मान खाली घालून तो गादी शिवत राहिला.