बटणाएवढा झेंडू

समजा, तुम्ही झेंडूचं बी धरायला बसला आहात. वाळलेलं फूल चुरायचं, काळं बी निवडायचं, कागदाच्या पुडीत बांधायचं. इतकं सोपं काम बिघडवायला अंगी थोरपणच लागतं. इराणातल्या यझ्द गावच्या तूरानखानमकडे, म्हणजे तूरानबाईंकडे, ते भरपूर होतं.

बागेतलं सर्वांत टपोरं फूल पाहुण्याच्या हाती द्यायचं, हा त्यांचा बाणा. बियांसाठी उरत ती कोपऱ्यातली मरतुकडी फुलं. बारा वर्षांत त्यांच्या आईकडून आलेला बशीएवढा झेंडू सदऱ्याच्या बटणाएवढा झाला. दोष अर्थात पाण्याचा!

यंदा शेजारच्या माहलकाच्या अंगणात मात्र बशीएवढे झेंडू डोलू लागले.

“बी कुठून आणलंस गं?”

“आणतेय कुठून! तुम्हीच फुलं देता, खानम. सुकली की पाटाच्या कडेला फेकते.”

“आणि मी मेली वर्षभर पुड्या जपते!”

“जपा की. पण एखादं टपोरं फूल झाडावरच वाळू द्या.”

तूरानखानमनी तिच्याकडून मूठभर बी मागून घेतलं. आईचा झेंडू परत मिळाला, पण एक कोडं काही सुटेना. दारात पाहुणा उभा असताना टपोरं फूल झाडावर ठेवून त्याच्या हाती बटण द्यायचं तरी कोणत्या तोंडानं?