परवानगीचं एक मिनिट

मीराताईचा फोन आला तेव्हा मी नाम्बू लाइनच्या गाडीत उभा होतो. इथे जपानात गाडीत फोनवर बोलत नाहीत, म्हणून मी तो घेतला नाही. दोन स्टेशनं जाईपर्यंत तो खिशात थरथरत राहिला आणि मी शिस्तीत कडी धरून उभा... मुसाशी-कोसुगीला उतरून लावला, तर ती म्हणाली, "बाबा पहाटे गेले. झोपेतच. आई म्हणाली, गजाननला आधी कळव." बाबा म्हणजे आमचे केळुसकर सर. ठाण्याला मुलीकडे, या मीराताईकडे असायचे. संध्याकाळपर्यंत इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर त्यांचा फोटो आला आणि खाली ओळ होती : 'वाळवंटात टीव्ही नेणारा मराठी माणूस'. मीही त्याखाली हात जोडले. पण ती ओळ सरांनी वाचली असती तर त्यांची मान खाली गेली असती, हे मला माहीत होतं. का, ते लिहावं की नाही, यात काही आठवडे गेले. काकूंना, म्हणजे सरांच्या पत्नींना, विचारलं. त्या म्हणाल्या, "लिही. ते स्वतः चारचौघांत बोलले होते, मग आपण कशाला झाकायचं?"

मी मुखेडचा. वडील जिनिंगमध्ये हमाली करायचे, आणि घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. कावासाकीतल्या एका कंपनीसाठी पुण्यात मुलाखती होत्या. टीव्ही केंद्रांना लागणारी यंत्रणा बनवणारी कंपनी. टेबलापलीकडे सल्लागार म्हणून केळुसकर सर बसले होते. पहिल्याच प्रश्नाला माझं इंग्रजी अडखळलं, दुसऱ्याला बंदच पडलं. सर म्हणाले, "मराठीत सांग. सिग्नलला भाषा नसते." मग मी सांगत सुटलो. त्या एका वाक्यावर मी आज इथे आहे. जपानात आल्यावर पहिला महिना त्यांच्याच घरी जेवलो. कचऱ्याचं वर्गीकरण त्यांनी मला शिकवलं, बाटलीचं झाकण वेगळं, लेबल वेगळं. काकू आतून म्हणायच्या, "ह्यांना गॅसवर उतू जाणारं दूध दिसत नाही, पण दह्याच्या डब्याचं झाकण बरोब्बर प्लॅस्टिकमध्ये जातं!" सर त्यावर ऐकू न आल्यासारखं करायचे.

सरांची उमेदीची सगळी वर्षं आखातातल्या एका छोट्या अरब देशाच्या सरकारी टीव्हीत गेली होती. देशाचं नाव लिहीत नाही. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ते तिथे पोचले तेव्हा केंद्र म्हणजे पत्र्याची एक लांब खोली आणि टेकडीवर एक ट्रान्समीटर. संध्याकाळचे काही तासच कार्यक्रम, आधी कुराणपठण, मग मुलांची कार्टून, मग बातम्या. उन्हाने यंत्रं तापली की ओली पोती टांगून थंड करायची. मग रंग आला, बाहेरून चित्रण पाठवणारी गाडी आली, उंटांच्या शर्यती थेट दिसू लागल्या, उपग्रह आला, दुसरी वाहिनी आली. यातली प्रत्येक गोष्ट सरांच्या हाताखालून गेली. दर गुरुवारी रात्री बातम्यांनंतर हिंदी सिनेमा लागायचा आणि त्यासाठी आपली माणसं आठवडाभर थांबायची. बाजारात सर दिसले की रत्नागिरीचा एखादा गवंडी हमखास हाक मारायचा, "काय केळुसकरसाहेब, या खेपेला मारामारीचा लावा हो, मागच्या वेळी नुसती रडारड झाली!" हे सर खूप रंगवून सांगत. पण एका ठिकाणी आले की गप्प व्हायचे. मला वाटे, वय झालंय, दमत असतील.

ते ठिकाण मला कळलं ते एका जेवणाच्या सुट्टीत. दोन हजार अकराच्या मोठ्या भूकंपाला दोन वर्षं होत आली होती, तरी धक्के थांबले नव्हते. कँटीनमधल्या टीव्हीवर कुणीतरी बाई मासा कसा कापायचा ते दाखवत होती. अचानक ती बाई गेली, भूकंपाच्या इशाऱ्याची घंटा वाजली, नकाशा आला, आणि मग थोड्या वेळाने आमच्या वाट्यांतलं सूप हललं. लोकांनी वाट्या धरल्या, धक्का गेला, जेवण पुन्हा सुरू झालं. सर मात्र टीव्हीकडेच बघत होते. समोर बसलेल्या मोरिता-सानना त्यांनी विचारलं, "हे मध्येच दाखवायला परवानगी कोण देतं?" मोरिता-सान आमचे ज्येष्ठ इंजिनिअर. आपलं इंग्रजी चुकलं की काय, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "केरुसुका-सान, परवानगी... कोणाची?" सर ताट तसंच ठेवून उठले.

संध्याकाळी त्यांनी मला तामा नदीच्या बांधावर नेलं. खाली मुलं बेसबॉल खेळत होती. पाण्याकडे बघत त्यांनी सांगितलं... त्यांच्या टीव्हीचा एक नियम होता. राज्यकर्ते पडद्यावर असताना काहीही मध्ये आणायचं नाही. आणायचंच असेल तर मंत्रालयाला फोन करायचा, नाही तर संचालकांना विचारायचं. एका गुरुवारी महालातला स्वागतसमारंभ थेट दाखवला जात होता आणि नियंत्रणकक्षात सर होते. टेकडीवरच्या ट्रान्समीटरवरून यूसुफ नावाच्या तंत्रज्ञाचा फोन आला. डोंगरात पाऊस झाला होता आणि वादीतून पाणी येत होतं. वादी म्हणजे तिथली कोरडी नदी, वर्षानुवर्षं नुसती वाळू. त्या वाळूला लागूनच बांधकाम मजुरांचा कॅम्प होता. यूसुफ ओरडत होता, "उस्ताद, पडद्यावर सूचनेची पट्टी टाका! कॅम्पातल्यांना उठवा!"

"मी म्हटलं, थांब, विचारतो," सर म्हणाले. "मंत्रालयाचा फोन वाजत राहिला, कुणी उचलेना. आणि संचालक कुठे होते माहितेय? माझ्याच पडद्यावर. स्वागताच्या रांगेत उभे. मी त्यांना बघत होतो आणि त्यांना विचारू शकत नव्हतो. बटण माझ्या हाताशी होतं, गजानन. दाबलं असतं तर फार तर नोकरी गेली असती. मी समारंभ संपू दिला. मग पट्टी टाकली. तोवर कॅम्पातला टीव्हीच वाहून गेला होता."

मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "किती माणसं...?"

"आमच्याच वाहिनीने कधी सांगितलं नाही. मी तरी कुठे विचारलं?" मग म्हणाले, "ते टीव्हीसमोरच बसलेले होते रे. पिक्चरची वाट बघत... दुसऱ्या दिवशी संचालकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, शाबास, प्रक्षेपण तुटू दिलं नाहीस."

त्यानंतर ते निवृत्त होऊन इथे सल्लागार म्हणून येईपर्यंत कितीतरी वर्षं तिथेच राहिले, वर चढत गेले. याचीच त्यांना जास्त लाज वाटायची.

पुढच्या वर्षी त्याच केंद्राचा नवा नियंत्रणकक्ष बनवायचं काम आमच्या कंपनीकडे आलं आणि तिकडचे लोक कावासाकीला आले. प्रमुख होते अबू सालेम, एके काळी सरांच्या हाताखाली शिकलेले. सरांना बघून त्यांनी मिठीच मारली. दोन दिवस सगळं गोड चाललं. तिसऱ्या दिवशी आराखड्यातलं धोक्याच्या सूचनेचं पान निघालं. सरांनी रचना जपानसारखी केली होती, हवामान खात्याची सूचना आली की ती थेट पडद्यावर. अबू सालेम म्हणाले, "उस्ताद, मध्ये मंत्रालयाची मंजुरी घाला. तुम्हाला तिथली पद्धत ठाऊक आहे." सर म्हणाले, "ठाऊक आहे म्हणूनच घालत नाही." आणि मग उभं राहून, सगळ्यांसमोर, त्यांनी त्या गुरुवारची गोष्ट सांगितली. आवाज न चढवता, स्वतःचं नाव घेऊन. जपानी सहकारी टेबलाकडे बघत होते. अबू सालेम हातातली जपमाळ फिरवायचे थांबले होते. खरं सांगतो, मला त्या क्षणी सरांचा अभिमान वाटला नाही, संकोच वाटला.

चहाच्या सुट्टीत आमचे सेल्सचे प्रमुख साठे त्यांना कॉरिडॉरमध्ये गाठून म्हणाले, "सर, क्लायंटसमोर हे काय काढलंत? ऑर्डर जाईल ना आपली! लाज कशी वाटली नाही तुम्हाला?"

"वाटते," सर म्हणाले. "इतकी वर्षं तेवढंच करतोय. दुसरं काही करून बघावं म्हटलं."

ऑर्डर गेली नाही, पण मंजुरीही गेली नाही. तडजोड झाली. सूचना आली की आधी मंत्रालयाचा फोन वाजेल. एका मिनिटात कुणी उचलला नाही, तर ती आपोआप पडद्यावर जाईल. साठे खूश होते, आम्ही सगळेच होतो. मी सरांचं अभिनंदन करायला गेलो. ते पिशवी भरत होते. म्हणाले, "एक मिनिट अजून आहेच की." काम संपल्यावर ते भारतात परतले. नंतर फोनवर माझ्या मुलाची चौकशी करायचे, तो जपानीत उत्तर देतो याचं हसायचे. त्या कक्षाबद्दल मात्र कधीच विचारलं नाही.

त्या यंत्रणेची चाचणी दर गुरुवारी होते आणि कावासाकीच्या सपोर्ट रूममधून मी ती स्क्रीनवर बघतो. ठरल्याप्रमाणे तिकडे मंत्रालयात कुणी फोन उचलत नाही, मिनिट सरतं, चाचणीच्या वाहिनीवर पट्टी येते. सर गेल्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी स्क्रीन लावली तर तिकडचा सगळा कक्ष उभा होता. अबू सालेम स्वतः आले होते. पॅनेलवर बसणारी मरियम हेडसेटवर म्हणाली, "आम्ही याला उस्तादांचं मिनिट म्हणतो. आज ते उभं राहून पाळणार आहोत." मंत्रालयाचा फोन वाजू लागला. मीही उभा राहिलो. जे मिनिट काढून टाकायला हा माणूस सगळ्यांसमोर उघडा पडला, तेच त्याच्या नावाने पाळलं जात होतं, आणि तेही मनापासून... फोन वाजत होता, थांबत नव्हता. मला डोळे वर करवेनात. मग पट्टी आली, 'वादीपासून दूर व्हा', आणि तिकडे टाळ्या झाल्या.

माझ्याकडून नेहमीचं 'ओके' आलं नाही, तेव्हा मरियमने विचारलं, "तुमच्याकडे काही बिघाड दिसतोय का?"

"हो," मी म्हणालो. "हे मिनिट. सरांना ते नको होतं."

मरियमने वळून मागे पाहिलं. अबू सालेम पुढे आले, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "खरं आहे. ते काढायला हवं. मी परवानगी मागतो."

ती अजून आलेली नाही. दर गुरुवारी तो फोन मिनिटभर वाजतो आणि मी खाली बघत उभा राहतो.