सायकलची खराद

आमच्या घरात सुतारकाम होतं. बाजेचे पाय, लाटणी, पाळण्याचे खुंट खरादीवर उतरवायचे. लाकूड दोन खुंट्यांत अडकवायचं, त्याला चामड्याची वादी गुंडाळायची आणि तिची दोन्ही टोकं धरून आलटून पालटून ओढायची. लाकूड पुढं-मागं फिरायचं. पटाशी धरायला नवरा, ओढायला मी. लग्नापासून तेच. माझा उजवा खांदा असा धरला की वेणी घालायला हात वर जाईना.

दुष्काळ सरून दोन वर्षं झाली असतील. जिंतूरच्या बाजारात एक धारवाला पाहिला. सायकल उभी करून पाय मारत होता, आणि दगड गरगर फिरत होता. मी चौथी पास. त्याची घमेंड इतकी, की घरी येऊन मी भर गल्लीत सांगून टाकलं, "पुढच्या बाजारापासून वादीला हात लावनार न्हाई."

भंगारातून मोडकी सायकल आणली. गिरणीवाल्याने फेकलेले दोन बेरिंग मागून घेतले. चौकट घरच्या बाभळीची. नकाशा मी पाटीवर काढला होता. नवऱ्याने पाटी उलटी धरून बघितला, तरी काही फरक पडला नाही. टायर काढून चाकाच्या खाचेतून लाकूड फिरवणाऱ्या कण्यावर दोरी घेतली, तर ती घसरायला लागली. मी तिला डांबर फासलं. दोरी घसरायची थांबली, पण माझं चांगलं लुगडं गेलं.

पहिल्या दिवशी गल्ली गोळा झाली. मी सायकलवर चढले. सासू ओट्यावरून म्हणाली, "लय जोरात चाललीस गं! जिंतूर आलं का?"

लाकूड मात्र छान फिरलं. नवऱ्याने पटाशी टेकवली, छिलका निघाला, आणि त्याने पटाशी उचलली. पुन्हा टेकवली, पुन्हा उचलली.

"अहो, उचलायलाव कामून?"

"उलटं फिरताना उचलावीच लागती."

"आता उलटं फिरतच न्हाई ते!"

"म्हाईत हाय मला," असं म्हणून त्याने परत उचलली.

वादीवर लाकूड एकदा सुलटं, एकदा उलटं फिरतं. उलट्या फेऱ्याला पटाशी काढून घ्यावी लागते. लहानपणापासून त्याचा हात तसाच चाललेला. संध्याकाळपर्यंत बाजेचा एक पाय झाला. वादीवरही तेवढाच व्हायचा. मी एवढी मशीन उभी केली, आणि नवऱ्याचा हात हिशेबात धरायचा विसरले होते.

सासूने वादी आणून माझ्यापुढं टाकली. "घे. तुझी वाट बघायलीय ती."

रागाने मला झोप लागली नाही, असं लिहिणार होते. पण पाय इतके दुखत होते की पडल्या पडल्या झोपले. सकाळी नवऱ्याला म्हटलं, "तुमी चढा सायकलवर."

"आन् पटाशी?"

"मी धरते."

तो हसला. पण चढला. मी कधी पटाशी धरलीच नव्हती, त्यामुळे माझ्या हाताला उचलायची सवयही नव्हती. टेकवली ती टेकवलीच. पहिला पाय लाटण्याएवढा झाला. दुसरा ताकाच्या रवीसारखा.

"पाय करायलीस का टाचणी?" नवरा वरून ओरडला.

"तुमी पाय मारा. बोलू नका."

पाचव्या दिवशी चार पाय जमले. एकाला दुसऱ्याचं तोंड ओळखू येत नव्हतं. ती बाज कुणी घेईना, म्हणून घरातच राहिली. एका पायाखाली फरशीचा तुकडा घातला, आणि सासू तिच्यावर झोपायला लागली. दर सकाळी म्हणायची, "रातभर झोका दिला मला सुनंनं." पण दुसऱ्या बाजेवर काही गेली नाही.

पुढं हात बसला. माझे पाय बाजारात खपायला लागले. खांदाही हळूहळू सुटला, आणि वेणी मी माझी मीच घालायला लागले. वादी बरेच दिवस खुंटीला होती. एक दिवस बघते, तर सासूने तिला बकरी बांधली होती.