आरशावरची चादर

“आरशाचं कपाट आणलं सुनेनं, अन् घरच्या माणसाचं तोंड वाकडं झालं!”

काकाजी, म्हणजे माझे चुलत सासरे, ओसरीवर आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, सांगत होते. मी दाराआड कांदे चिरत होते. नव्या सुनेला सासरी कुणी काही सांगत नाही, पण ऐकू सगळं येतं. मग किस्से साचणारच की!

*

मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, लकव्याचा हलका झटका आला तो धाड गावच्या बाजारात, न्हाव्याच्या खुर्चीत. अर्धी दाढी झालेली. आरशात पाहता पाहता ओठाचा कोपरा खाली घसरला. न्हावी म्हणाला, “भाऊ, तोंड वाकडं नका करू, पातं लागन!”

दवाखान्यातून चालत घरी आले. तोंड सरळ, हात सरळ. पण आरसा दिसला की दरदरून घाम, छातीत धडधड. दाढी बंद. माझ्या माहेरच्या कपाटावर चादर पडली, अन् नवी नवरी स्टीलच्या ताटात पाहून टिकली लावू लागली!

*

दवाखान्यात सांगितलं होतं, पुन्हा शंका आली तर हसायला लावा, दोन्ही हात वर करायला लावा. घरच्यांनी ते अख्ख्या गावाला शिकवलं. येणारा-जाणारा टेस्ट घ्यायचा!

मामाजी दुसरबीडला एका दहाव्याला गेले. पिंड मांडलेला, कावळा अगदी जवळ आलेला, सगळे श्वास रोखून. तेवढ्यात काकाजी ओरडले, “दादा, हास बरं! हात वर कर!”

मामाजी हसले. हात वर केले. कावळा उडाला तो आलाच नाही!

*

डॉक्टरांनी बुलढाण्याला समुपदेशनाच्या मॅडमकडे पाठवलं, दर मंगळवारी. काकाजी म्हणाले, “वेड्याचा डॉक्टर? पोरीचं लग्न व्हायचं हाय अजून!” पोरगी म्हणजे माझी नणंद. सोबत जायला कुणी तयार नाही. शेवटी जिला नाही म्हणता येत नाही, ती गेली.

मॅडम म्हणाल्या, “बसा दोघं.” सासऱ्यासमोर खुर्चीवर कशी बसू? मी उभी. सून उभी म्हणून मामाजी उभे. मग मॅडमही उठल्या. पहिली थेरपी आम्ही तिघांनी उभ्यानं केली!

*

घरचा अभ्यास असा, की आरसा थोडा थोडा पाहायचा, अन् भीती आली तरी पळायचं नाही, ती ओसरेपर्यंत थांबायचं. मी खालून चादर रोज जराशी वर करायची. आधी पाय दिसले, मग गुडघे.

“सूनबाई, आज पोटापर्यंतच,” मामाजी घाम पुसत म्हणाले.

आत्याबाई मागून म्हणाल्या, “लपवासारखं तर पोटच हाय! तोंडाले काऊन भेता?”

मामाजी खुदकन हसले. कुणी सांगितलं नसताना!

*

चादर गळ्यापर्यंत आली, अन् नणंदेला पाहायला सोनाळ्याचे पाहुणे आले. त्यातल्या एकानं विचारलं, “दाढी काऊन वाढवली, दादा? दर मंगळवारी कुठी जाता म्हणे?”

मामाजींनी तोंड उघडायच्या आत काकाजी म्हणाले, “मारुतीचा नवस होता. फिटला. आता जाणं बंद!”

मामाजींनी खाली मान घातली. मी चहाचा ट्रे ठेवला.

“नवस नाही. झटका येऊन गेला, त्याची भीती राहून गेली. तिचा इलाज सुरू हाय. या मंगळवारीही मामाजीले मीच नेणार.”

मी काकाजींकडे पाहिलं.

“काकाजी, तुमचं तोंड काऊन वाकडं झालं? हसून दाखवा बरं!”