दहा ते दोन

केसर नाखव्यांच्या अंगणवाडीला गुणवत्तेचं मानांकन मिळालं, त्या समारंभाचा फोटो आमच्या कार्यालयात लावलेला आहे. त्यात मी केसरताईंच्या शेजारी उभी राहून हसते आहे. तो फोटो बघितला की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. तेवढी हिंमत होत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका. अलिबाग तालुक्यातल्या पंचवीस अंगणवाड्या माझ्याकडे आहेत. केसरताईंची अंगणवाडी सगळ्यात टोकाला, खाडीच्या तोंडाशी असलेल्या कोळीवाड्यात. एक खोली, वर पत्रे, आणि दारासमोरून थेट बंदरावर उतरणारी वाट. ओहोटीला त्या खाडीत गुडघाभर चिखल असतो. होड्या आत येतात त्या भरतीच्या पाण्यावरच. होडी लागली की मासळी उतरवा, निवडा, लिलाव करा, बर्फ घाला, टेम्पोत चढवा. हे सगळं बायकाच करतात आणि त्या दोन-तीन तासांत कुणालाही मान वर करायला फुरसत नसते. भरती रोज पाऊण तासाने पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येला ती दुपारी अकरा-बाराला असते, तर सप्तमी-अष्टमीला पहाटे पाच-सहाला. तिथीची पाऊणपट केली की पाण्याची वेळ कळते, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी भातशेतीवाल्या गावातली, मला ते चाळिशीत कळलं.

सरकारी अंगणवाडी मात्र दहा ते दोन. समुद्र कुठेही असो.

केसरताई आधी लिलावात उभ्या राहायच्या. आवाज असा की पलीकडच्या बंदरावरचे व्यापारी दर ऐकून घ्यायचे. कोळीवाड्यात दहावी झालेली सून एकटीच, म्हणून बावीस वर्षांपूर्वी सेविका म्हणून त्यांची नेमणूक झाली. पहिलं वर्ष त्यांनी नियमाने काढलं. दहाच्या ठोक्याला कुलूप उघडायच्या, दोनला लावायच्या. त्या वर्षी एका दशमीला, पाणी साडेसातचं होतं, सोनल नावाची तीन वर्षांची पोर सकाळी सातला अंगणवाडीच्या दारात आली. आई बंदरावर होती, घरात कोणी नव्हतं. पोरीने कडी वाजवली. शेजारच्या म्हातारीने ते ऐकलं, तिला वाटलं आत कोणी असेल. दाराला कुलूप होतं. मग सोनल आईला शोधायला वाटेने खाली उतरली. दुपारी ओहोटीला ती दोन होड्यांच्या मध्ये सापडली.

त्यानंतर केसरताईंनी घड्याळ बघणं सोडलं. पाण्याच्या आधी तासभर दार उघडायचं आणि शेवटची आई टोपली धुऊन वर येईपर्यंत बंद करायचं नाही. हा नियम त्यांचा, त्यासाठी कुठलं परिपत्रक निघालं नव्हतं. पहाटेची भरती असेल तर पेंगुळलेली पोरं गोधडीसकट उचलून आणायच्या. ती उठली की रोजचा पाठ ठरलेला, आज तिथी कोणती आणि पाणी कितीला. मग खिचडी. त्यात आयांनी दिलेला सुका जवळा भाजून घालायच्या. माझ्या पंचवीस अंगणवाड्यांत तीव्र कुपोषणाच्या यादीत अकरा वर्षं एकही नाव नसलेली ही एकच अंगणवाडी आहे. आणि बंदरावर त्यानंतर एकही मूल बुडालेलं नाही. मला विचाराल तर गुणवत्ता म्हणजे एवढंच. पण मला विचारतो कोण? आणि विचारलं तेव्हा मी काय बोलले, तेच तर सांगायचं आहे.

मी त्या भागात आले ती सोनल गेल्यानंतरच्या वर्षी. पहिल्याच भेटीत हजेरीपट उघडला तर वेळेच्या रकान्यात ‘पहाटे ४.१५’. मी लाल शाईने ते खोडलं.

"केसरताई, इथे दहा ते दोनच लिहायचं."

"पन उघडते तवा लिवलंय ना, म्याडम."

"वर कोणी बघितलं तर तुमचं मानधन थांबेल. दहा ते दोन लिहा."

"मग खरं कुठं लिवू?"

"कुठंच नका लिहू," मी म्हटलं.

आणि वर मला वाटलं, मी केवढी उदार! दुसरी असती तर नोटीसच काढली असती. त्यानंतर वीस वर्षं मी पर्समध्ये छोटं कॅलेंडर ठेवलं आणि त्या कोळीवाड्यातल्या भेटी पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच घातल्या. त्या दिवसांत भरती दुपारची, म्हणजे त्यांची वेळ आणि सरकारची वेळ आपोआप जुळायची. मी जायची, भरलेली खोली बघायची, ‘वेळ : १० ते २, समाधानकारक’ लिहून सही ठोकायची. याला डोळ्यांवर कातडं ओढणं म्हणतात. मी त्याला सांभाळून घेणं म्हणायचे.

गेल्या वर्षी वरून मानांकनाची टूम आली. एक खाजगी संस्था येणार, शंभर गुणांची यादी घेऊन अंगणवाडी तपासणार, ऐंशीच्या वर गुण मिळाले तर प्रमाणपत्र. सोबत तोंडी धमकीही आली. लहान पटाच्या अंगणवाड्यांनी मानांकन मिळवलं नाही, तर त्या जवळच्या मोठ्या अंगणवाडीत विलीन होतील. जवळची म्हणजे हमरस्त्यावरची, कोळीवाड्यापासून दोन किलोमीटर. पहाटे पाचला मूल काखेत मारून कोणती आई तिथे जाणार होती?

मी कंबर कसली. भिंती रंगवून घेतल्या. रंगाऱ्याने एका भिंतीवर आगगाडी काढली, दुसरीवर नारिंगी रंगाचे, पापण्या असलेले मासे. अमिषा नावाची चार वर्षांची मुलगी बराच वेळ ते बघत राहिली आणि तिने विचारलं, "बाई, यो कोनचा मासा?" केसरताई म्हणाल्या, "यो आपल्या बाजारात येत न्हाय गो." हात धुण्याचं बेसिन बसलं, कुंड्या आल्या, नवी खेळणी आली. ती तपासणी होईपर्यंत प्लास्टिकमधून काढायची नाहीत, असं मीच बजावलं. दारावर फलक लागला : वेळ सकाळी १० ते दुपारी २.

तपासणीची तारीख आली ती सप्तमीची. मी हातापाया पडून बदलून मागितली. साहेब म्हणाले, "मॅडम, आता तपासण्या पंचांग बघून करायच्या का?" उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला पाण्याचं काय सांगणार!

आदल्या दिवशी मी केसरताईंना म्हटलं, "उद्या एक दिवस पहाटे उघडू नका. दहालाच उघडा. मुलं ताजीतवानी दिसली पाहिजेत."

त्या म्हणाल्या, "उद्या सव्वापाचचं पानी हाय. दार उघडनार."

उघडलंही. आणि घरी जाऊन झोपलेली मुलं अकरा वाजता पुन्हा गोळा करून आणली. संस्थेचे निकेश सर टॅब घेऊन आले. तिशीतला, सभ्य, मुलांशी खाली बसून बोलणारा मुलगा. त्याच्यावर रागावता आलं असतं तर बरं झालं असतं. निम्मी मुलं पेंगत होती. एक तर त्याच्याच मांडीवर कलंडलं.

"आज काय आहे, कोण सांगेल?" त्याला वार हवा होता.

अमिषाने हात वर केला. "सप्तमी. सव्वापाचला पानी."

तो गोंधळला. "आणि वार?"

वार कोणालाच येईना. त्याने टॅबवर बोट टेकवलं. चार वर्षांच्या पोरांना समुद्र कधी येणार हे माहीत होतं आणि यादीत त्याला एकही गुण नव्हता.

मग त्याने केसरताईंना विचारलं, "मुलं एवढी झोपाळलेली का आहेत?"

"पहाटं सव्वाचारला उठून इथं आली व्हती. आमची अंगनवाडी पान्यावर चालते, साहेब. वीस वर्सं." आणि त्यांनी लिलावातल्या आवाजात, न घाबरता, सगळं सांगितलं. सोनलसकट.

निकेश सर ऐकत राहिले. शपथेवर सांगते, त्यांना ते पटत होतं. त्यांनी हजेरीपट मागवला. वीस वर्षांचे पट, प्रत्येक पानावर दहा ते दोन, खाली माझी सही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मॅडम, नक्की काय आहे? वेळ बदलते, असं नोंदवायचं असेल तर तसा शेरा देता येतो. फक्त तुम्ही लिहून द्यायला हवं."

एक वाक्य लिहायचं होतं. पण खरी वेळ लिहिली असती तर वीस वर्षांच्या माझ्या सह्या खोट्या ठरल्या असत्या. माझी चौकशी, माझं निवृत्तिवेतन. आणि गुण गेले तर खोलीही जाईल, ही सबब हाताशी होतीच.

"वेळ दहा ते दोनच आहे," मी म्हणाले. "ताई भाबड्या आहेत. कधीतरी लवकर उघडलं असेल, ते वाढवून सांगतात."

निकेश सर जीपमध्ये बसल्यावर केसरताई माझ्याजवळ आल्या. "म्याडम, तुमी मना खोटी पाडलीत. चालंल. पन दार तरी उघडं राहील ना?"

"राहील," मी म्हटलं.

ब्याण्णव गुण मिळाले. समारंभ झाला, केसरताईंना शाल, मला पुष्पगुच्छ, आणि तो फोटो. पाठोपाठ मानांकन टिकवण्याच्या अटी आल्या. रोज दहा वाजता मुलांचा फोटो ॲपवर टाकायचा. वेळेबाहेर इमारत वापरायची नाही, गॅस पेटवायचा नाही, काही झालं तर जबाबदार कोण? केसरताईंनी दोन महिने दोन्ही केलं. पाण्याला उघडायचं, बंद करायचं, पुन्हा दहाला उघडून फोटो टाकायचा. सत्तावन्न वर्षांची बाई. मग कोणीतरी पहाटे पेटलेल्या दिव्याचा फोटो काढून साहेबांना पाठवला. त्यांना कामावरून कमी केल्याची नोटीस निघाली. बजावायला अर्थातच मी.

त्यांनी चष्मा लावून नोटीस पुरी वाचली, पोच म्हणून सही केली आणि पदराच्या गाठीची चावी सोडून माझ्या हातावर ठेवली.

"तुमी ‘राहील’ बोलला व्हता," एवढंच म्हणाल्या.

आता तिथे रस्त्यापलीकडच्या गावातली नवी सेविका येते. दहाला उघडते, दोनला बंद करते, तिची चूक काही नाही. ॲपवर रोज फोटो असतो. त्यात कधी पाच मुलं असतात, कधी तीन. खेळणी अजून नवीकोरी आहेत. मी वर तीनदा लिहिलं की त्या खोलीची वेळ भरतीप्रमाणे ठेवावी. उत्तर आलं : मानांकित केंद्राच्या वेळेत बदल करता येत नाही. निवृत्तीला आठ महिने उरल्यावर मी लिहायला बसले, म्हणजे वरातीमागून घोडं.

काल अष्टमी होती. वीस वर्षांत पहिल्यांदा मी पहाटे पाचला त्या कोळीवाड्यात गेले. खाली बंदरावर होड्या लागत होत्या, बायकांचा कालवा चालला होता. अंगणवाडीला कुलूप होतं. चार घरं सोडून केसरताईंच्या ओटीवर दिवा होता. त्यांचा नवरा, अंबाजी नाखवा, वाटेच्या बाजूला जुनं जाळं बांधून आडोसा करत होता, मुलं खाली उतरू नयेत म्हणून. ओटीवर गोधड्यांत चौदा मुलं होती. चुलीवर खिचडी होती, घरच्या तांदळाची.

केसरताईंनी मान वर केली. "आज कशा आलात, म्याडम? आज पुनव न्हाय."

म्हणजे त्यांना माहीत होतं. वीस वर्षं त्या माझ्या भेटींच्या तिथी ओळखून होत्या आणि मला एका शब्दाने बोलल्या नव्हत्या. मी ओटीच्या कडेला टेकले. म्हटलं, मला हे सगळं खरं लिहून वर पाठवायचं आहे, काही पुरावा असेल तर द्या.

त्या आत गेल्या आणि शाळकरी वह्यांचा एक गठ्ठा घेऊन आल्या. मी त्यांना ‘कुठंच नका लिहू’ म्हटलं होतं. त्यांनी घरी लिहिलं होतं, आधीचंही पटावरून उतरवून. पहिल्या वहीचं पहिलं पान सोनलनंतरच्या दशमीचं : पाणी साडेसातला, दार साडेसहाला उघडलं, मुलं नऊ. पुढे रोजचं पान, रोजची तिथी, रोजची खरी वेळ. प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले रकाने. शेवटच्या रकान्याच्या डोक्यावर त्यांनी लिहिलं होतं, ‘पर्यवेक्षिकेची सही’.

तो रकाना एकवीस वर्षं कोरा होता. मी पर्समधून पेन काढलं.

"आता कशाला?" केसरताई म्हणाल्या. त्यांनी माझ्या हातातली वही घेतली, मिटली, आणि अमिषाला भरवायला गेल्या.